तुझ्या वाटचं मी म्हणते

आई, इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. हातांची सालं निघतात, पण हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती सगळ्यांचीच निघतात.

तू शिकवलंस तसं प्रत्येक चादरीची घडी घालताना ‘देवा, तुझे उपकार’ म्हणते. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हाही हातात चादर होती, आणि सवयीनं तोंडातून तेच निघालं. मग दोन दिवस मी दात-ओठ खाऊन गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी ते आपोआप पुन्हा सुरू झालं.

दादा म्हणाला, तू देवाचं नाव घेणंच सोडलंयस. सांगितलं म्हणून त्याला ओरडू नकोस. गोळ्या तरी घेतेस ना?

तुला जमेपर्यंत तुझ्या वाटचं मी म्हणते, आई. एका चादरीला दोनदा.

तुझी,
धाकटी