डावीकडे वळलेली मान

मी, शेख इनायतुल्ला वल्द शेख रहमतुल्ला, वय अडुसष्ट, धंदा पाट्या रंगवणे, राहणार राजापेठ, अमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाचा दाब नसताना लिहून ठेवतो. हात कापतो तो साखरेच्या दुखण्याने. डोकं शाबूत आहे. खात्री नसेल त्याने येऊन भांडून पाहावं.

१. राहतं घर मुलगा वकार आणि मुलगी गजाला यांना शरियतप्रमाणे ज्याच्या-त्याच्या हिश्श्याने मिळेल. त्यात मी बोट घालत नाही. वसीयत तिसऱ्या हिश्श्यापुरतीच करता येते, आणि माझ्या चित्रांना आजवर कोणी किंमत दिली नाही, तेव्हा ती त्यात आरामात बसतात.

२. ब्रश, रंगांचे डबे आणि चढायची घोडी गजालाला. वकारची हरकत नाही, तसं त्याने माझ्यासमोर सांगितलं आहे. त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे, त्याला ब्रशशी काय घेणं!

३. चित्रांविषयी थोडं सांगणं भाग आहे. जन्मभर मी गावोगावच्या भिंतींवर बियाण्याच्या जाहिराती रंगवल्या. तिथे प्रत्येक शेतकरी हसतो आणि कापसाची बोंडं नारळाएवढी असतात. ते खोटं हसू रंगवून घरी आलो की मी माणसं ओशाळतात ती वेळ रंगवायचो. वकार म्हणायचा, "अब्बा, शर्मिंदगी कौन टांगता है घर में?" पोरगा खरं बोलला. एकही विकलं गेलं नाही.

४. चित्र 'चुकीचं घर'. गेल्या वर्षी एका गावात एका शेतकऱ्याने जीव दिला; सांत्वनाला आलेले साहेब भलत्याच घरात शिरले, बाईसमोर हात जोडून बसले, आणि आतून तिचा नवरा चहा घेऊन आला. आपण जिवंत आहोत याची त्या नवऱ्यालाच लाज वाटली. हे गजालाने सांभाळावं, कोणी मागितलं तरी देऊ नये.

५. चित्र 'पाहुणा'. डोमाजी कापडवाल्याने मुलीच्या लग्नाची पत्रिका स्वतः हातात दिली. मी आहेर घेऊन गेलो, तर मांडवाच्या दारात म्हणतो, "आज काम नाही बाप्पा, पाटी तं कालच लागली!" चित्रात पिशवी धरून उभा आहे तो मीच. हे डोमाजीला द्यावं. राग नाही. पण द्यावंच.

६. आता मोठं चित्र, 'मान'. बार्शीटाकळीचा नत्थुजी माझा मित्र. त्याच्या भिंतीवर जाहिरात रंगवायला गेलो आणि जेवूनच उठलो, तेव्हापासूनचा. माझी आई खातूनबी गेली तेव्हा तो पहिल्या एस.टी.ने आला, डोक्याला रुमाल बांधला आणि जनाज्याच्या नमाजात थेट माझ्या उजव्या हाताला उभा राहिला. शेवटी सलाम फेरताना सगळ्या रांगेच्या माना उजवीकडे वळल्या. नत्थुजी बिचारा डावीकडे वळला. मी पाहतो तर समोर त्याचं तोंड, रडलेलं आणि ओशाळलेलं. त्याच्या पलीकडे नुसत्या पाठमोऱ्या माना.

ते मी काढलं. एकदा चित्रं मांडली, त्या प्रदर्शनाला नत्थुजी तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन आला, आणि त्याच्याच गावचा कोणी खदाखदा हसला, "पाहा नं, याले साधी मान बी नाही वळवता येत!" नत्थुजी पिशवी खुर्चीवर ठेवून निघून गेला. त्यानंतर तो माझ्या उंबऱ्यात आला नाही. त्याला वाटतं, मी त्याची फजिती भिंतीवर टांगली. अरे नत्थ्या, माझी माय मातीत चालली होती, आणि त्या साऱ्या रांगेत माझ्याकडे तोंड असलेला तू एकटा होतास! मला फार आधार वाटला रे.

~~हे चित्र माझ्या मृत्यूनंतर नत्थुजीला पोचवावं आणि वरचा मजकूर वाचून दाखवावा.~~

७. माझ्या जनाज्याला नत्थुजी आला तर त्याला मागे उभं करू नये. त्याने मान हवी तिकडे वळवावी. मौलानासाहेबांच्या कानावर घातलं आहे. ते हसले, नाही म्हणाले नाहीत.

खुलासा : इथवर लिहून शेजारचे छापखानेवाले खुशालराव यांना सहीसाठी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मेल्यावर काहून सांगता जी? जित्तेपणी सांगा नं त्याले." मी म्हटलं, लाज वाटते. ते म्हणाले, "मंग ह्या लाजेचं चित्र कोन काढन?"

म्हणून कलम सहामधला शेवटचा हुकूम मी माझ्या हाताने खोडला आहे. चित्र उद्या सकाळी मी स्वतः बार्शीटाकळीला नेतो. दारातून परत पाठवलं तर पाठवलं. चित्र हयातीतच दिलं की नत्थुजीला या कागदातून काही मिळत नाही, मग तो साक्षीदार होऊ शकतो, असं खुशालराव म्हणतात. म्हणून दुसरी जागा कोरी ठेवून हा कागद सोबत घेतो. कलम सात कायम.

अमरावती, २१ डिसेंबर २००६
सही : शेख इनायतुल्ला

साक्षीदार
१. खुशालराव ढोले, राजापेठ, अमरावती.
२. नत्थुजी काळबांडे, बार्शीटाकळी, २२ डिसेंबर. वाचलं. तू आधी जाशील हे कोनं सांगतलं तुले? पन गेलाच, तं मी येतो. मान तिकडंच वळवीन.