दोना इरासेमा विमानाच्या दारात अडून बसल्या, त्याची हकिगत

साओ जोझे, जुलै

प्रिय दाल्वाताई,

आधी तुझा आशीर्वाद, मग बाकीचं. गुडघे काय म्हणतात? गायी, चीज आणि तुझ्याशी अबोला धरलेली शेजारीण, सगळी खुशाल ना? मी ठणठणीत आहे. (डॉक्टर म्हणाला मीठ सोडा, मी डॉक्टर सोडला.) कामाचा डोंगर आहे, म्हणून पत्राला उशीर झाला.

मागे तू विचारलं होतंस, "इतकी वर्षं एकच विमान करतोयस, त्यात एवढं असतं तरी काय?" ताई, पंख, इंजिन ही मंडळी गणिताचं ऐकतात. माणसं ऐकत नाहीत. नव्या विमानाची एक परीक्षा असते: अंधारात, निम्मी दारं बंद ठेवून, भरलेलं विमान ठरलेल्या वेळात रिकामं करायचं, सगळ्यांनी घसरगुंडीवरून खाली यायचं. माणसंही साधीसुधी हवीत, त्यात काही वयस्कर. म्हणून मी (प्रमुख अभियंत्याची अक्कल ती!) आमच्या चर्चमधल्या गाणाऱ्या बायकांना बोलावलं. त्या केस सेट करून, नारळाच्या केकचा डबा घेऊन, लग्नाला निघाल्यासारख्या आल्या.

शिट्टी झाली. माणसं धपाधप खाली येऊ लागली आणि मी खूश. तेवढ्यात त्या गाणाऱ्यांपैकी दोना इरासेमा दारात येऊन थांबल्या त्या थांबल्याच.

"बाई, उडी मारा!" दाराशी नेमलेली आमची कर्मचारी पोरगी ओरडली.

"मारते की. आधी लुर्देसला येऊ दे, ती मागे स्वयंपाकाच्या कप्प्यापाशी अडकलीय."

"मागे आग लागलीय असं समजा!"

"मग आगीत तिला टाकून जाऊ? हेच शिकवलं का गं तुझ्या आईनं?"

त्यांच्या मागे रांग तुंबली, वेळ संपली, आम्ही नापास. आमचे संचालक लासेर्दा लालबुंद होऊन म्हणाले, "त्या म्हातारीला काढा आणि परीक्षा पुन्हा घ्या." सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताई, ती बाई स्कर्ट मुठीत धरून, हनुवटी वर करून उभी होती ना, अगदी तू! माझा बूट सापडेपर्यंत शाळेत नेणारा दुधाचा ट्रक तू असाच अडवून धरायचीस. मी म्हणालो, "म्हातारी राहील. स्वयंपाकाचा कप्पा हलेल." त्यात खुर्च्यांची एक रांग गेली. लासेर्दांनी थयथयाट केला, माझ्याशी बोलणं टाकलं. मी हललो नाही. पुढच्या परीक्षेत इरासेमा आणि लुर्देस हातात हात घालून, किंचाळत, एकदमच खाली आल्या (असं करायला सक्त मनाई आहे) आणि "पुन्हा एकदा जाऊ का?" म्हणून मागे लागल्या. आम्ही पास!

पहिल्यांदा प्रवासी घेऊन ते उडालं तेव्हा मी खाली उभा होतो. वाटलं होतं, नाचेन. पण ते लहान लहान होत ढगात जाईपर्यंत मी नुसता बघत राहिलो. आजूबाजूला जो तो आपल्या घरी फोन लावत होता. मीही खिशातून फोन काढला; मग आठवलं, ही तुझी दूध काढायची वेळ. परत ठेवला.

असो. तब्येतीला जप, शेजारणीला माफ कर.

तुझा धाकटा भाऊ,
एवारिस्तो

ता. क. आपलं विमान आता बेलो ओरिझोंचीहूनही सुटतं. तुझ्या गावाहून तिथे सरळ बस आहे. मी तिथे येतो, दोघं मिळून एक फेरी मारू. दाराजवळची जागा धरलीय, गुडघे ऐसपैस पसर. मी स्वतः अजून त्यात प्रवासी म्हणून बसलेलो नाही. एकट्याने बसवेना.

आणखी एक. वरचा कामाचा डोंगर खोटा आहे. फेब्रुवारीतच मला सत्कार-भाषणांच्या थाटात निवृत्त करून घरी बसवलं. रोज सकाळी धावपट्टीच्या कुंपणाशी जाऊन उभा राहतो. तिथला चीजपाव विकणारा मला विमानांची माहिती देतो. बरीचशी चुकीची असते. मी ऐकून घेतो. तेवढंच बोलणं होतं.

शेवटचं. यायचं नसेल तर नको येऊस, पण तसं फोन करून सांग. इथे सगळे मला मानानं 'डॉक्टर एवारिस्तो' म्हणतात. 'वावा' म्हणणारी आता तू एकटीच उरलीस.