आधी परीक्षा, मग माझी माती

मी, लेम्पी निमेला, कै. रेनो निमेला यांची बायको, राहणार पाइन लेक रस्त्यावरचं शेवटचं घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, पण लिहायला ती लागत नाही. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी काही पाजलेलं नाही. उलट माझा मुलगा वॉरेन ईस्टरपासून मला हे लिहू नको म्हणून विनवतोय. म्हणजे दबाव असलाच तर तो उलट्या बाजूने आहे, हे कोर्टाने ध्यानात घ्यावं.

वकील केलेला नाही. मी दहावीत शाळा सोडून बापाच्या चेनसॉ दुरुस्तीच्या दुकानात बसले, तिथे नियम होता की जे स्वतःला उघडता येतं त्याला दुसऱ्याला पैसे द्यायचे नाहीत. मृत्युपत्र मला उघडता येतं.

याआधीचं मृत्युपत्र रद्द. त्यात माझं सगळं रेनोला होतं. तो आधी गेला, त्याला माझा इलाज नाही.

आणखी एक. हे मी मेल्यावर उघडायचं नाही. येत्या रविवारी चर्चहून आल्यावर, जेवणाच्या टेबलावर, मी स्वतः वाचून दाखवणार आहे. माझी नात एल्सी, वॉरेन आणि ग्रेचनची एकुलती एक, हिने एक मेपर्यंत कळवायचंय की ती कोणत्या कॉलेजात जाणार. त्यानंतर माझं ऐकून तिला काय उपयोग.

पहिलं. राहतं घर वॉरेनला. छप्पर गळतं, ते त्याला माहीत आहे, तक्रार चालणार नाही.

दुसरं. दुकानातली हत्यारं, कानशी, शेगड्या आणि भिंतीवर टांगलेलं सगळं ड्वेन पेल्की याला. हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ तोच काढतो. हे मृत्युपत्र अमलात आणायचं कामही त्याचंच. त्याला मी निवडलं कारण तो कमी बोलतो, आणि वॉरेनचं बोलणं गोड असलं तरी ड्वेनला ऐकू कमी येतं.

तिसरं. माझी चर्चमधली मैत्रीण हिल्मा कोस्केला हिला काही नाही. ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही द्यायचं नसतं असं बँकेतल्या मुलीने सांगितलं. म्हणून माझा मोठा भाजायचा तवा मी तिला मंगळवारीच देऊन टाकला. मृत्युपत्राचा त्याच्याशी संबंध नाही.

चौथं, तळ्याकाठचं जंगल आणि त्यातली सॉना, म्हणजे वाफेनं अंग शेकायची लाकडी खोली. यासाठीच हा सगळा खटाटोप.

वॉरेनने मार्चमध्ये एक दलाल आणला. तो टेप घेऊन माझ्या सॉनाभोवती फिरला आणि म्हणाला की शिकागोचे लोक या किनाऱ्याला वेडे होतील. मी म्हटलं, वेडे आधीच आले आहेत, टेप घेऊन फिरताहेत. वॉरेनचं म्हणणं, जंगल विकायचं आणि एल्सीला हॅवरस्टोनला पाठवायचं. हॅवरस्टोन म्हणजे पूर्वेकडचं ते जुनं कॉलेज, वेली चढलेल्या भिंतींचं. त्याचा स्टिकर वॉरेनच्या गाडीच्या मागच्या काचेवर ऑक्टोबरपासून आहे. पोरीला प्रवेश मिळाला मार्चच्या शेवटी. म्हणजे प्रवेश आधी गाडीला मिळाला.

ऑक्टोबरात ते कॉलेज बघायला मीही गेले होते. तिथला एक मुलगा आमच्याकडे तोंड करून उलटा चालत आम्हाला सगळं दाखवत होता. सगळ्यांचे आईबाप प्रश्न विचारत होते. एल्सीने एकही विचारला नाही. ही पोर सहा वर्षांची असल्यापासून माझ्या अंगणात बर्फात काठी खुपसून मापं घेते, वरचा थर कोणता, खालचा कोणता, कोणता घसरेल, असं डोकं खाते. ती गप्प म्हणजे काहीतरी बिघडलेलं असतं. शेवटी मीच विचारलं, इथे बर्फाचं काय शिकवता. तो मुलगा हसला, म्हणाला, "आजी, बर्फ पडला की आम्ही वर्ग रद्द करतो."

तरी मार्चअखेर त्यांचं पत्र आलं. सोनेरी किनार होती. मेरिट स्कॉलरशिप असं मोठ्या अक्षरात, आणि रक्कम बारीक. ती वजा करूनही जे भरायचं उरत होतं त्यात माझं घर आलं असतं, गळक्या छपरासकट. खाली लिहिलं होतं की ही स्कॉलरशिप पहिल्या वर्षापुरती, पुढचं पुढे बघू. तशा अटीवर मी कोणाला चेनसॉसुद्धा दिला नसता.

आता हिल्माचा भाग. आमच्या चर्चच्या बायका सबंध हिवाळा निसू भाजतात, तो वेलची घातलेला गोड पाव, आणि दर शनिवारी विकतात. त्यातून दरवर्षी गावातल्या एका मुलाला शिक्षणासाठी बक्षीस. यंदा ईस्टरला ते एल्सीला मिळालं. माझी नात म्हणून नाही. मी त्या दिवशी मत दिलं नाही, हिल्माने मला स्वयंपाकघरात कोंडलं होतं. एल्सी सरळ पोर, तिने हॅवरस्टोनला आणि प्रवेश मिळालेल्या दुसऱ्या एका कॉलेजाला कळवलं की मला हे मिळालंय. हॅवरस्टोनचं चार दिवसांत उत्तर आलं. अभिनंदन, आणि तेवढीच रक्कम आम्ही आमच्या मदतीतून कमी केली आहे.

मी फोन लावला. एक तरुण पोरगा होता, आवाज मधाळ.

"मॅडम, बाहेरून मदत आली की आम्ही आमची मदत समायोजित करतो."

"समायोजित म्हणजे कमी."

"समायोजित, मॅडम."

"पाव आम्ही भाजला. पैसे आम्ही जमवले. पोरीच्या हातात काय आलं?"

"सन्मान तर तिचाच आहे ना."

"सन्मान पायात घालून बर्फात चालता येतं का?"

तो म्हणाला, मी तुमच्या भावना समजू शकतो. मी म्हटलं, भावना माझ्याकडे राहू दे, तू पाव परत कर. हिल्मा शेजारी उभी होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "म्हणजे मी हिवाळाभर पहाटे उठून त्या वेलीवाल्यांसाठी पीठ मळलं? लेम्पी, माझे खांदे बघ." खांदे मी बघितले आहेत. या कलमात त्यांचीही दखल घेतली जावी.

मग त्या दुसऱ्या कॉलेजाला फोन लावला. मोंटानात, डोंगरांच्या पायथ्याशी, बिटर क्रीक म्हणून छोटं कॉलेज आहे, नाव कोणी ऐकलेलं नाही. त्यांनी एल्सीला चारही वर्षांची फी माफ केली आहे. मार्क टिकवायचे एवढीच अट, एक सत्र घसरलं की गेली. राहण्याजेवण्याचं मात्र घरची ऐपत बघून ठरवतात. फोन एका बाईने उचलला, तोंडात काहीतरी होतं. मी पावाची सगळी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "ते पैसे पोरीचे. आधी तिला चांगले बूट घेऊन द्या, मग एखादा लॅपटॉप. इथून काही कापणार नाही. आणि पाव उरला असेल तर एक इकडे पाठवा." हिल्माने दोन पाठवले.

तिथेही मी जाऊन आले आहे, ऐकीव बोलत नाही. मार्चमध्ये माझ्या ट्रकमधून मी आणि एल्सी, वाटेत एक मुक्काम करून. तिथे कोणी उलटं चाललं नाही. एक बाई, केसांत बर्फ, पुढे कळलं की त्या प्राध्यापक, डोंगराच्या उतारावर खड्डा खणत होत्या. एल्सी खाली उतरून बघायला गेली ती खड्ड्यातच गेली. मी ट्रकमध्ये बसून थर्मास संपवला. मग काच खाली केली तर एल्सीचा आवाज. "नाही, हा थर त्याच्या खालचा आहे, हात लावून बघा ना." त्या बाईने हातमोजा काढून हात लावला. म्हणाली, "बरोबर आहे तुझं. फावडं घे." नंतर परत येताना निम्मा रस्ता पोर बडबडत होती आणि उरलेला रस्ता झोपली होती.

मला विचाराल तर मला ती तासाभराच्या अंतरावर हवी होती. तसंही एक कॉलेज आहे. पण मला कोणी विचारलेलं नाही, आणि मी स्वतःला विचारणार नाही.

वॉरेनशी बोलणं झालं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की त्याची बाजू ऐकली नाही. तो म्हणाला, "आई, लोक विचारतात एल्सी कुठे चालली. बिटर क्रीक म्हटलं की त्यांचे चेहरे बघ."

"चेहरे बघून तू विमा विकतोस. पोरीने कशाला बघायचे?"

"मला तुम्ही कुठे पाठवलं नाहीत. निदान तिला तरी."

"तुझा अर्ज फ्रिजवर महिनाभर पडून होता. टपालात टाकायला सांगितलं तर म्हणालास, ग्रेचनच्या गावापासून लांब पडतं. ग्रेचन, तू इथेच बसली आहेस. खोटं असेल तर बोल."

ग्रेचनने सगळ्यांच्या कपात कॉफी ओतली, वॉरेनच्या सोडून.

खरी अडचण वॉरेन नाही. खरी अडचण परवा कळली. एल्सी सॉनाच्या पायरीवर बसली होती. म्हणाली, "मुम्मू," आमच्या फिनिशमध्ये आजी, "मी हॅवरस्टोनला हो म्हणते. बाबा ऑक्टोबरपासून तो स्टिकर लावून फिरतोय. नाहीतर मी इथेच राहते, ते तासाभरावरचं कॉलेज घेते. डॉक्टर तुझ्या झडपेबद्दल काय म्हणाला ते मला माहीत आहे."

म्हणजे बापाच्या काचेसाठी एक कॉलेज आणि आजीच्या झडपेसाठी दुसरं, आणि जिथे तिला फावडं मिळालं ते कुठेच नाही. हे मी चालू देणार नाही. म्हणून:

जंगल आणि सॉना एल्सीला. पण आत्ता नाही. तिच्या नावावर झालं की उद्या कोणीतरी मधाळ आवाजात म्हणेल, तुझ्याकडे तळं आहे, मग मदत कशाला. ती कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत, पदवी घेऊन किंवा न घेता, सगळं ड्वेनच्या ताब्यात. तोवर त्यातली फांदीही विकायची नाही, ना कोणत्या कॉलेजासाठी, ना कोणाच्या औषधासाठी, माझ्यासुद्धा. त्यामुळे जंगल विकून हॅवरस्टोनची फी भरता येणार नाही, हे वॉरेनने आता डोक्यातून काढावं. एल्सीने कुठेही जावं. इथे राहिली तरी जंगल मिळेल, हॅवरस्टोनला कर्ज काढून गेली तरी मिळेल. मी लाच देत नाही. पण मला भिऊन किंवा माझी कीव येऊन ठरवायचं नाही.

पाचवं. ट्रक एल्सीला, तो आत्ताच, आणि हिवाळ्याचे टायर त्यासोबत. माझी बर्फ मोजायची काठीही. तिच्यावर रेनोच्या खुणा आहेत, त्या रंगवून झाकू नयेत.

सहावं. वॉरेनला दुकानातलं काच खरवडायचं पातं, लाकडी मुठीचं. ते त्याला रविवारीच मिळेल. शिवाय दर शनिवारी सॉना वापरायचा हक्क तो जिवंत असेपर्यंत, लाकूड स्वतः फोडून. तो वाईट मुलगा नाही. त्याला लोक दिसतात जास्त, एवढंच.

सातवं, माझी माती. आमच्याकडे हिवाळ्यात जमीन दगडासारखी होते, फावडं घुसत नाही. नोव्हेंबरनंतर मेलेल्यांना कबरस्तानाच्या तळघरात ठेवतात आणि मेमध्ये पुरतात. रेनो असाच होता, त्याने तक्रार केली नाही. तेव्हा मी डिसेंबरात मेले तर एल्सीला परीक्षेतून उठवून आणायचं नाही. पेपर बुडाला, मार्क गेले, स्कॉलरशिप गेली, आणि एवढं सगळं कशासाठी, तर तळघरातल्या पेटीशेजारी उभं राहायला. मी कुठे जात नाहीये. वसंतातली परीक्षा मेच्या सुरुवातीला संपते, जमीनही तेव्हाच मऊ होते. तेव्हा तिने ट्रक घेऊन यावं आणि पहिलं फावडं तिने मारावं. उन्हाळ्यात मेले तर ती घरी असेल, प्रश्न नाही. पानगळीत मरायचा माझा विचार नाही.

या कलमाविरुद्ध कोणी एल्सीला आधी फोन केला, तर त्याचा सॉनाचा हक्क रद्द. हे वॉरेनसाठी लिहिलं आहे.

वाचलं, पुन्हा वाचलं, बदलायचं काही नाही. दोघा साक्षीदारांनी मला लिहिताना नाही पण सही करताना पाहिलं.

लेम्पी निमेला
पाइन लेक, मिशिगन
शुक्रवार, २४ एप्रिल २०२६

साक्षीदार: हिल्मा कोस्केला. (तवा मिळाला. तो विकत घेतलेला समजावा.)
साक्षीदार: आर्विड टुल्पो, पोस्टमन. मी फक्त टपाल द्यायला आलो होतो.

पुरवणी. रविवार, २६ एप्रिल.

वाचून झालं. सातव्या कलमानंतर एल्सी म्हणाली, "मुम्मू, डिसेंबरात मरू नकोस."

"मला अटी घालू नकोस. तुला कुठे जायचं ते सांग."

"बिटर क्रीक," ती म्हणाली, बापाकडे बघून. मग टेबलावरच फोन काढून कळवलं. ग्रेचनने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

वॉरेनने पातं उचललं आणि बाहेर गेला. पाऊण तास झाला. खिडकीतून दिसतंय, मागची काच घासतोय, बाहेरून. स्टिकर आतून लावलाय.

मी त्याला सांगायला जाते. बाकीचं वर लिहिल्याप्रमाणे.

लेम्पी निमेला
साक्षीदार: हिल्मा कोस्केला, आर्विड टुल्पो (आज जेवायला बोलावलं होतं)