चौथा मजला गार पडू नये म्हणून

मी कुल्पाश, येर्देनची मुलगी, दिवंगत तोख्तारची बायको, वय वर्षं चौऱ्याहत्तर, खाणीच्या उपाहारगृहातली निवृत्त स्वयंपाकीण, राहणार खाणवस्ती, इमारत अकरा, चौथा मजला, प्रांत करागांदा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझी फुप्फुसं गेली आहेत, डोकं जागेवर आहे. कुणाच्या दडपणाखाली मी हे लिहीत नाही. दडपण आणायचा प्रयत्न झाला होता, त्याचं काय झालं ते खाली येईलच. नोटरीसाहेब म्हणतात, एवढं सविस्तर लिहायची गरज नसते. त्यांचं वय तीसही नसेल, त्यांना काय माहीत कशाची गरज असते!

कलम एक. मला लवकर पुरावं. जेवणावळीसाठी घोडा कापू नये, एक मेंढी पुरे. जमीन गोठलेली असली तर खणणारे टायर जाळून ती मऊ करतात, त्यांना आधी गरम चहा द्यावा आणि घाई करू नये. बँकेत जे काही आहे ते यासाठीच आहे. उरेल ते मुरझाबेकचं.

कलम दोन. मुरझाबेक माझा एकुलता मुलगा, राजधानीत असतो. त्याला त्याच्या बापाचा मेंढीच्या कातड्याचा कोट आणि खाणीतला दिवा द्यावा. सून झायनाला माझी चांदीची कर्णफुलं द्यावीत. कोट तिने लगेच कुणाला देऊन टाकू नये. त्यांच्या घरात हिवाळ्यात इतकं गरम होतं की खिडकी उघडून बसतात आणि उन्हाळ्यात एसीखाली शाल पांघरून. मग दोघं मिळून मला फोनवर बिलाचं रडगाणं ऐकवतात. तरी दिवस बदलतात, कोट राहू द्यावा.

कलम तीन. चौथ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं हे घर मी मुरझाबेकला देत नाही.

हे लिहिताना हात थांबला, हे खरं आहे. आमच्यात आईबापाची चूल धाकट्या मुलाने राखायची असते. माझा थोरला तोच आणि धाकटाही तोच. पण चूल राखायची म्हणजे घराला कुलूप लावायचं नसतं.

गेल्या महिन्यात तो एका पाइप कापणाऱ्या माणसाला घेऊन आला. मी बाउरसाक, आमचे पिठाचे गोळे, तळत होते. मला वाटलं, आईला भेटायला आलाय.

"आई, तू आमच्याकडे चल," तो म्हणाला. "घर बंद ठेवू. गरम पाण्याचा पाइप कापून बूच मारलं की बिल बंद."

इथे हिवाळ्यात घरं उबदार राहतात ती पाइपातून रेडिएटरमध्ये फिरणाऱ्या गरम पाण्याने, आणि त्याचं बिल घराच्या मापाने येतं, माणसं मोजून येत नाही. कुलूपबंद घरालाही तेवढंच. म्हणून बहुतेक जण जाताना पाइप कापून जातात.

"आणि एल्झाचं काय?" मी विचारलं. "पाणी माझ्या घरातून तिच्याकडे चढतं."

"ती वरची जर्मन म्हातारी? अगं, तू तिचं तोंड बघत नाहीस! मी वर्षानुवर्षं तिच्या नावाने शिव्या ऐकतोय."

"शिव्या मी देते. तिला गारठवून मारा असं कधी म्हटलं मी?"

"मग तू गेल्यावर या घराचं बिल कोण भरणार? मी? माझ्या स्वतःच्या घराचे हप्ते फिटेनात."

तो खोटं बोलत नव्हता, म्हणून जास्त लागलं. पाइपवाल्याने चहा घेतला, दोन बाउरसाक खाल्ले आणि मान खाली घालून निघून गेला. मुरझाबेक दारात म्हणाला, "तुझ्यानंतर तरी कापावाच लागेल, आई." पोराने आईच्या तोंडावर असं बोलावं? मी दार लावून घेतलं आणि रडले. बाळा, तू वाईट नाहीस. तुला फक्त थंडी आठवत नाही.

मला आठवते. समोरची नऊ नंबरची इमारत भरलेली होती तेव्हा तिथे माझ्या मैत्रिणी राहायच्या. खाण बंद झाली, माणसं निघाली. एक कुटुंब खिडकीचा वरचा झरोका उघडा टाकून गेलं. त्या थंडीत त्यांच्या रेडिएटरमधलं पाणी गोठलं, लोखंड फुटलं आणि वरखाली सगळा उभा पाइप बंद पडला. मग शेजारचा. लोक विजेच्या शेगड्या लावायला लागले, वायरी जळाल्या, अंधार झाला. वसंतात तिथल्या वरच्या मजल्यांवर भिंती तेवढ्या उरल्या. आमच्या जिन्यात आता चारच घरं जिवंत आहेत; तिसरा मजला रिकामा आहे, पण तिथल्यांनी जाताना पाइप कापला नाही, एवढं नशीब. माझं घर गार पडलं तर वरचं गार पडणार, मग कुणाचं हे मी सांगायला नको.

कलम चार. म्हणून हे घर मी रायगुलला देते. रायगुल रुग्णवाहिकेवर परिचारिका आहे. त्याच नऊ नंबरच्या तळमजल्यावर, नवी वायर ओढलेल्या एका खोलीत, दोन मुलींना घेऊन राहते. विटांवर ठेवलेली विजेची शेगडी दिवसरात्र चालते आणि अर्धा पगार मीटर खातं. तरी मुली टोप्या घालून अभ्यास करतात. ती माझी कुणी नाही. मुरझाबेक विचारेल, परक्या बाईला का? कारण ती या घरात राहील.

अट एवढीच की पाइप कापू नये, भाड्याने देऊन निघून जाऊ नये, आणि हिवाळ्यात एक दिवसही घर रिकामं राहू नये. हे ऐकून रायगुल म्हणाली, "आपा, असं नका लिहू, लोक म्हणतील मी म्हातारीला गोड बोलून लुबाडलं." म्हणू देत. लोकांनी तिला शेगडीचं बिल भरून दिलं का?

कलम पाच. उपाहारगृहातला माझा लोखंडी डाव स्वयंपाकघरात पाइपजवळ टांगलेला आहे. तो तिथून हलवू नये. रायगुलने रोज सकाळी चहा ठेवल्यावर त्या डावाने पाइपवर तीनदा वाजवायचं. वरून उत्तर येईल. नाही आलं तर चप्पल घालून वर जायचं.

याचं कारण असं. वीसेक वर्षांपूर्वी वस्तीत नळाला गरम पाणी येत नव्हतं तेव्हा एल्झाने धुण्यासाठी रेडिएटरचा नळ सोडून पाणी चोरलं. नळ हातात आला. गंजाचं लाल पाणी माझ्या छतातून उतरलं ते थेट माझ्या आईने भरलेल्या तुस्कीझवर, लग्नात दिलेल्या त्या भिंतीवरच्या पडद्यावर. आईने त्याच्यावर तीन हिवाळे डोळे फोडले होते. एल्झा म्हणाली, पाइप जुना होता. आजपर्यंत लोकांना तेच सांगते. कबूल एकदाही केलं नाही. मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती चिडून सकाळी पाइपवर चमचा आपटायची, मी खालून डाव आपटायचे. मग मुलं गेली, नवरे गेले, आपटणं तेवढं राहिलं. एकदा वरून आवाज आला नाही. मी रायगुलला वर पाठवलं, बजावून, की माझं नाव घेऊ नकोस. एल्झा तापाने फणफणलेली होती. तिची मुलं जर्मनीत आहेत, त्यांना कुठून ऐकू येणार?

कलम सहा. सदर तुस्कीझ मी एल्झाला देणार होते, रोज डाग बघावा म्हणून. पण नोटरीसाहेबांनी अडवलं. झालं असं की साक्षीदार दोन लागतात. पहिल्या मजल्यावरचा झुमाताय आला. दुसऱ्या मजल्यावरचा म्हातारा अंथरुणावरून उठत नाही. उरली कोण? मी डाव घेतला आणि भरदुपारी पाइप वाजवला.

एल्झा घरातल्या सपाता घालून धावत खाली आली. दारात धापा टाकत म्हणाली, "काय गं, मेलीस की काय?"

"मेले असते तर वाजवला असता का?"

"तुझा काय नेम!"

वीस वर्षांनी आम्ही बोललो ते हे. नोटरीसाहेब तिला म्हणाले, "आजी, साक्षीदाराला काही मिळू शकत नाही. पडदा घ्या, नाहीतर सही करा."

एल्झाने तुस्कीझकडे पाहिलं, मग रेडिएटरकडे. "पडदा नको मला. माझ्या खाली कुणीतरी राहायला पाहिजे," ती म्हणाली. "सही कुठे करू?"

तेव्हा तुस्कीझ या भिंतीवरच राहील. डाग धुऊ नये. एल्झाला तो बघायचा असेल तर तिने खाली यावं, आणि रायगुलने तिला दूध घातलेला चहा द्यावा.

वाचून, समजून, माझ्या राजीखुशीने सही करते.

कुल्पाश, येर्देनची मुलगी
खाणवस्ती, इमारत अकरा, गरम पाणी सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, ८ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार पहिला: झुमाताय, पहिला मजला. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरी: एल्झा क्लाईन, पाचवा मजला. सगळं वाचून दाखवलं, ऐकलं. पाइप जुना नव्हता. नळ मी सोडला होता.