चाकूच्या सांध्यातलं तेल

अण्णा, त्या हिवाळ्यात तुमच्या चाकूला तेल कोणी लावलं होतं, हे तुम्हाला कळलं होतं का? मी तेव्हा पाचवीत होते. आज इतक्या वर्षांनीही या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. तुम्ही मी नववीत असतानाच गेलात, आणि आईला विचारायचं तर आधी तिला सगळं सांगावं लागलं असतं, ते गेल्या आठवड्यापर्यंत माझ्यानं झालं नाही.

आत्ता ओट्यावर घडीचे तीन चाकू मांडून बसले आहे. मी शेतीची पदवी घेतली. आई अजून शेजारच्या काकूंशी बोलताना माझं नाव घेत नाही, 'आमची बीएस्सी' म्हणते. हडपसरच्या पुढे, तुम्ही ज्या भागात नर्सरीत कामाला होतात तिथेच, एका प्रशिक्षण केंद्रात मी बायकांना गुलाबावर डोळा भरायला शिकवते. जंगली खुंटाची साल चिरायची, आत चांगल्या गुलाबाचा डोळा सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी बांधायची. तुम्ही हे बोलता बोलता करायचात. मी पुस्तकातून शिकले, त्यामुळे अजून ओठ चावत करते.

या वर्षी अठरा बायकांसाठी स्वस्तातले चाकू निवडायचं काम माझ्याकडे आलं. रविवार पेठेतून तीन प्रकारचे नमुने आणले. पहिला अख्खा स्टीलचा, आरशासारखा चकचकीत, पातं जराही हलत नाही. दुसऱ्याची मूठ लाल प्लॅस्टिकची, तिचा खिळा इतका वर आलेला की तळहाताला टोचतो, आणि पातं दात हलावा तसं हलतं. तिसरा लाकडी मुठीचा. मुठीच्या दोन्ही फळ्या एकसारख्या नाहीत, पातं काळपट, ओलं राहिलं तर गंजणारं. पण त्याचे पितळी खिळे लाकडाच्या पातळीत घासलेले आहेत आणि मिटल्यावर टोक पूर्ण आत जातं. मी वहीत रकाने आखले आणि गुण दिले. ज्याचं पातं हलत नाही तो मजबूत, असं धरून स्टीलच्या चाकूला सगळ्यात जास्त गुण दिले आणि तोच मागवला.

तुम्ही रकाने आखले नसते. त्या हिवाळ्याच्या शेवटी तुमच्याबरोबर एकदाच चाकू घ्यायला आले होते, ते मला लख्ख आठवतंय. तुम्ही दुकानात उभे आहात, एकेक चाकू कानाशी धरून उघडताय, मिटताय. दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणतो, "अहो, चाकू घ्यायचाय की गाणं ऐकायचंय?"

"आधी वाजू तर द्या," तुम्ही म्हणता. "गाणाऱ्याला बी पारखूनच घेत्यात की."

आठ चाकू परत ठेवून नववा उचललात. त्याच्या पात्यावरच्या खाचेत नख लावलंत, तो सहज उघडला आणि शेवटी टक् असा आवाज झाला. मग चाकूकडे बघत, की माझ्याकडे बघत, एवढंच मला आठवत नाही, तुम्ही म्हणालात, "तेल मागणारा चाकू आपल्या कामाचा न्हाई." घरी आल्यावर जुना चाकू माझ्या हातात ठेवलात. "हा तुला. पेन्सिलीला." ती शिक्षा होती की माफी, हे मला तेव्हाही कळलं नाही.

कारण तो जुना चाकू मीच बिघडवला होता. एका रविवारी दुपारी तुम्ही झोपला होतात. चाकू उघडताना तुम्हाला जोर लावावा लागतो हे मी पाहिलं होतं. म्हणून त्याच्या सांध्यात खोबरेल सोडलं, चारदा उघडमीट केली आणि तुमच्या खिशात ठेवून दिला. सोमवारी तुम्ही पातं नेहमीसारखं पुसलं असेल. पण सांध्यात मुरलेलं तेल दिवसभर पात्यावर उतरत राहिलं, आणि पात्यावरून सालीच्या आत गेलं. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या तर त्या वाफ्यातले जवळजवळ सगळे डोळे काळे. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "हातगुण गेला तुझा, गड्या. आता पिशव्या भर." तो सबंध हिवाळा तुम्ही माती आणि शेणखताच्या पिशव्या भरल्यात. संध्याकाळी दारात बसून हात उलटेपालटे करून बघायचात. मी शेजारी अभ्यासाला बसलेली असायचे. हे माझ्या तेलानं झालं, हे मला तेव्हाच कळलं होतं, अण्णा. मी पाढे मोठ्यानं म्हणत राहिले.

गेल्या महिन्यात केंद्रातल्या एका ताईंचे डोळे असेच काळे निघाले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या आहेत, सगळ्यात आधी येऊन शेड झाडतात. बाकीच्या हसल्या. "अगं, हातगुणच नाही तुला. तू आपली पाणी घाल." त्याही हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता पाण्याचा पाइप उचलला. मी त्यांचा चाकू उघडून पाहिला. खोबरेलाचा वास आला.

"उघडतच नव्हता, मॅडम," त्या म्हणाल्या. "दोन नखं तुटली माझी. मग डोक्याचंच जरा लावलं. चुकलं का?"

चुकलं होतं, पण त्यांचं नाही. इतका घट्ट सांधा मीच निवडला होता, गुण देऊन. पदवी घेऊनही मी तेल मागणाराच चाकू आणला होता. आणि आता गप्प राहिले असते, तर त्या बाईही घरी दारात बसून हात बघत राहिल्या असत्या.

म्हणून गेल्या आठवड्यात शेडमध्ये सगळ्यांना बसवलं. आईलाही बोलावून घेतलं. आधी स्टीलच्या चाकूची चूक सांगितली, मग पाचवीतला रविवार सांगितला. फक्त तेलानंच सगळे डोळे गेले हे मी शपथेवर सांगू शकत नाही, तेही सांगितलं. पण हातगुण नसल्याचा दोष कोणाच्या माथी मारण्याआधी चाकू हुंगून बघा, म्हटलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. मला वाटलं, आता ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे हात चांगलाच होता की त्यांचा."

मग ती त्या ताईंजवळ जाऊन बसली आणि चहा होईपर्यंत तिथून उठली नाही.

स्टीलचे चाकू परत पाठवले, लाकडी मुठीचे आले. ताईंना मात्र मी तुमचा जुना चाकू दिला. पेन्सिलीला म्हणून दिला होतात, पण मी त्यानं एकही पेन्सिल तासली नाही. भीती वाटायची. ताईंना वाटलं, आठवण म्हणून जपून ठेवला असेल, आणि तेही मी खोडलं नाही. रॉकेलमध्ये बुडवून, घासून, तीन दिवस उन्हात ठेवून त्याचा सांधा कोरडा, आणि नखानं सहज उघडेल इतका मोकळा केला होता. देण्याआधी कानाशी धरून एकदा वाजवला. आज सकाळी त्यांनी त्याच चाकूनं पहिली रांग भरली.