कोंड्याने कुणी मरत नाही

ती. मामांना,

शालोम आणि वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? मामीने तुमचं गोड बंद केल्याचं कळलं. शास्त्रात पळवाट सापडली असेलच (सापडली तरी मामीपुढे शास्त्र चालत नाही, म्हणा).

मी डॉक्टर झालो तेव्हा तुम्ही बजावलं होतंत, की तू वडिलांकडून कोहेन, आपल्या ज्यू याजकांच्या वंशातला. प्रेत असलेल्या छपराखाली तुला थांबता येणार नाही, तेव्हा माणसं मरणार नाहीत अशी नोकरी बघ. म्हणून त्वचारोगाचा दवाखाना धरला. कोंड्याने कुणी मरत नाही (कंटाळ्याने डॉक्टर मरू शकतो, पण ते तुमच्या ग्रंथांत नसावं).

तिथे एक निवृत्त शिक्षिका पुरळ घेऊन यायच्या आणि माझ्या अक्षराला नावं ठेवायच्या. पुरळ गेलं तरी यायच्या; घरी बोलायला कुणी नव्हतं. मग त्यांचं यकृत बिघडलं. समोरच्या मोठ्या इस्पितळात नेलं. त्या दुखण्यात अंगाला भयंकर खाज सुटते, आणि बाईंनी सगळे तज्ज्ञ बाजूला सारून हट्ट धरला, की माझा खाजेचा डॉक्टर बोलवा.

मी आपला फुटपाथवरून ओरडून प्रकृती विचारू लागलो. वॉर्डातल्या सिस्टर खिडकीतून म्हणाल्या, "अहो, मलम काय खालून फेकून लावणार?" शवागार मागे वेगळ्या इमारतीत आहे, एवढी खात्री करून वर गेलो. जीव वाचवायला, वेदना कमी करायला शास्त्र आड येत नाही, हे तुमचंच वाक्य. मग रोज जात राहिलो. बाईंना नियम सांगून टाकला होता. त्या म्हणाल्या, "काळजी नको. वेळ झाली की मीच सांगेन."

परवा दुपारी त्यांच्या हाताला मलम लावत होतो. बाई म्हणाल्या, "पुरे आता. बाहेर जा." मामा, शाळेत मला कधी कुणी वर्गाबाहेर काढलं नव्हतं. मी घुटमळलो. त्यांनी डोळे वटारले. गेलो. स्कूटरींच्या रांगेत, उघड्यावर, मलमाचे हात तसेच धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने सिस्टरांनी खिडकीतून नुसती मान हलवली.

माझा नियम बाईंनी पाळला. त्यांचा हात मात्र शेवटी दुसऱ्याच कुणीतरी धरला होता, आणि तेवढंच मला सोसत नाहीये.

बाकी सगळं ठीक.

तुमचा,
भाचा

ता. क. : त्या इस्पितळाने मला शेवटच्या आजारातल्या रुग्णांच्या वॉर्डात कामाला बोलावलंय. मी हो म्हणून बसलोय. तेव्हा चालेल का, असं विचारत नाही. कसं चालेल, ते ग्रंथांत शोधा.

आणखी एक : उत्तर 'नाही' असेल तर सावकाश टपालाने पाठवा. 'हो' असेल तर फोन करा. फोन मी आंघोळीलाही बरोबर नेतोय.