मामांच्या चिखलासाठी चार चाकं

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
सोमवार, १५ मे १९९५

ती. काशीराममामांना आणि रंभामामींच्या डाव्या पायाला भाचा कमलाकरचा नमस्कार. (उजवा गुडघ्यापासून अजून दुखतो असं कळलं, त्याला लांबूनच.) इकडे आम्ही दोघं ठीक. रेवा लग्नानंतर नाशकात रुळली, कुमुदची कंबर अधूनमधून बोलते, आणि माझ्या तब्येतीचं पुढे येईलच, कारण हे पत्र मी गरम पाण्यात पाय सोडून लिहितोय.

तुमचं पत्र वाचून छाती आधी फुगली आणि मग धडधडली. फुगली ती, गाडीची पारख करायला अख्ख्या खानदानात तुम्हांला मीच दिसलो म्हणून. (पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं सरकारी जीपमध्ये बसतोय हे खरं, पण मागे, फायली मांडीवर घेऊन.) धडधडली ती शेवटच्या ओळीमुळे: "चिखलात चालंल अशी गाडी बघ, नाय तर पावसाआधी घराला कुलूप लावून आमी दोगं तुज्याकडं ऱ्हायला येतो." आता मामा, गेल्या श्रावणात मामी मिठागराच्या बांधावर घसरल्या आणि चौघांनी त्यांना बाजेवर घालून तासभर चिखल तुडवत डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, हे मी विसरलेलो नाही. म्हणून ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, गाडी पास झालीच पाहिजे. (तुमच्यासाठीच हं. आमच्या दोन खोल्या, तिसरा मजला आणि सकाळी तासभरच येणारं पाणी यांचा इथे काडीचाही संबंध नाही.)

महामार्गावरच्या एका दुकानात चौकशी केली. मोठी परवडत नाही आणि लहानीत कुटुंब मावत नाही, अशांसाठी एक मधली गाडी निघालीय. जीपपेक्षा मऊ, टेम्पोपेक्षा देखणी, आणि चारही चाकांनी ओढणारी. दुकानातला विक्रेता परेश काल सकाळी ती आमच्या दाराशी घेऊन आला. गळ्यात टाय, बोलण्यात साखर. मी चेहरा कडक ठेवून टायरला दोन लाथा मारल्या. सगळे जाणकार मारतात, का ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

एवढ्यात कुमुद ताट घेऊन तीन मजले उतरून आली, आणि मी हां हां म्हणेपर्यंत तिने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ फोडून मोकळी झाली. वर मागच्या बाकावर डोकावून विचारते काय, तर मामी कुठायत म्हणून. तिला वाटलं, तुम्ही गाडी घेतलीत आणि त्याच गाडीने राहायला आलात. (बाई घाईची आहे, तुम्हांला ठाऊकच आहे.) परेशला वाटलं, सौदा पक्का. त्याने माझा हात धरून खांद्यापासून हलवला. खालच्या मजल्यावरच्यांनी पेढे मागितले. गाडी नुसती बघायला आणलीय हे सांगायची चोरी झाली. हळद लागलेला नवरदेव परत कसा पाठवायचा?

तशीच हार घातलेली गाडी घेऊन आम्ही रोडपालीच्या खाडीकडे निघालो. परेशचं म्हणणं, डांबरी रस्त्यावर चालवून बघा. मी म्हटलं, आमच्या मामांच्या दारात डांबर असतं तर त्यांनी रिक्षा नसती का बोलावली? खाडीकाठचा चिखल अगदी आपल्या बांधावरचा, एकदा पाय धरला की सोडत नाही. परेशने दांडा ओढला, आता चारही चाकं ओढणार म्हणाला, आणि गाडी वीस हात जाऊन बसली. मागची चाकं गरगर, पुढची ढिम्म. मी ढकलायला उतरलो तो कमरेपर्यंत माखलो, एक चप्पल खाडीला वाहिली. त्यात भरती लागली. पाणी चाकाशी आलं तसा परेशचा टाय सैल झाला. माझ्या डोळ्यांपुढे तुमच्या दोन ट्रंका आणि मामींची बाज आमचा जिना चढताना दिसू लागली. आणि मग त्याहून वाईट विचार आला, की आत्ता आत मामी असत्या तर? मामा, मी पुन्हा गाडीला खांदा लावला.

तेवढ्यात बांधावरून रामू नावाचे म्हातारबुवा आले. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस. गाडीभोवती एक फेरी मारली, हाराकडे बघितलं, पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "पूजा केली, पन पुढचं बैल जुंपलंच नाय तुमी." प्रकार असा, की या गाडीत नुसता दांडा ओढून भागत नाही. खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली खुंटी हाताने फिरवावी लागते, मगच ती चाकं ओढू लागतात. परेशला हे माहीत नव्हतं (त्याने आजवर सगळ्या डांबरावरच विकल्या), आणि मी तर जाणकार. रामूने दोन्ही खुंट्या फिरवल्या आणि गाडी चिखलातून अशी सुटली, की मी तिथेच उभा राहून टाळ्या वाजवल्या. रेवाच्या बारावीच्या निकालालाही माझा जीव इतका भांड्यात पडला नव्हता. रामूच्या पायाच पडलो.

तेव्हा माझा निकाल असा, की गाडी खुशाल घ्या. पायरी उंच आहे, मामींना पाट लागेल. मागे समोरासमोर बाकं आहेत, खड्ड्यात डोकं छताला लागतं, टोपी घालून बसावं. डिझेल बेताने पिते. खुंट्या तेवढ्या विसरू नका, आणि पावसाळाभर आपल्या घरात, आपल्या माणसांत सुखाने राहा. या वयात घर सोडून कुठे त्रास घेता?

आपला, एकाच चपलेचा धनी,
कमलाकर

ता. क. पत्र पेटीत टाकायला कुमुदकडे दिलं होतं. तिने ते जिन्यातच उघडून वाचलं आणि तशीच परत वर आली. खरं लिहिल्याशिवाय टाकणार नाही म्हणते. तर खरं असं, की आतली खोली तिने गेल्याच आठवड्यात मामींसाठी मनाशी ठरवून टाकलीय. मामींना गुडघा फार वाकवावा लागू नये म्हणून सुताराकडून उंच खाट करून घेतलीय, ती अजून त्याच्याकडेच ठेवलीय. मला पत्ता लागू दिला नाही, कारण मी पाण्याचं रडगाणं लावलं असतं. रेवा गेल्यापासून घर खायला उठतं, असंही म्हणाली. हे मला आजच कळलं.

ता. क. २. आता माझंही खरं. आठवीपासून मॅट्रिकपर्यंत मी तुमच्या एका खोलीत राहिलो, आणि मामींनी कधी जागेचं नाव काढलं नाही. वरचं सगळं लिहिल्याची मला लाज वाटते, पण पुन्हा लिहायला कुमुद कागद देत नाही. तीन मजल्यांचं म्हणाल, तर मामींना खुर्चीत बसवून मी आणि परेश वर आणू. तोही आता घरचाच झालाय. फक्त गाडी एवढ्यात घेऊ नका. गाडी दाराशी असली की मामी तिसऱ्या दिवशी परत निघतील, असं कुमुदचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. एस.टी.ने या. गाडीचं दिवाळीनंतर बघू, परत जायचा विषय निघालाच तर.